तळ्याकाठची सराई

आपल्या मराठवाड्यात उन्हातून कुणी घरी आलं, की आधी गूळ आणि पाणी पुढं येतं. नाव-गाव, कामधाम ही चौकशी नंतर. जेवणाचं तर त्याच्याही नंतर. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यामागचा विचार आपल्या लक्षात येत नाही. आलेल्या माणसाची पहिली गरज पाणी, दुसरी सावली आणि तिसरी अन्न, असा तो साधा हिशेब आहे. वाटसरूंसाठी ज्यांनी सराया, धर्मशाळा आणि मुसाफिरखाने बांधले, त्यांनीही हाच हिशेब मांडला होता. आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो आणि जुन्या कागदांत जे खडकी आणि औरंगाबाद या नावांनी भेटतं, त्या शहराच्या पाहुणचाराचा इतिहास म्हणजे मुळात पाण्याचा इतिहास आहे.

या शहरात तळ्याकाठी एक देखणी सराई होती, हे आपल्याला कळतं ते एका फ्रेंच जवाहिऱ्याकडून. जाँ-बातिस्त ताव्हेर्निए हे त्याचं नाव. हिऱ्यांच्या व्यापारासाठी तो सुरतेहून गोवळकोंड्याला अनेकदा गेला, आणि त्या वाटेवर हे शहर लागत असे. त्याच्या प्रवासाचं पुस्तक १६७६ साली पॅरिसला प्रसिद्ध झालं. त्यात तो सांगतो, की हे पूर्वी एक खेडं होतं आणि ते एका तळ्यावर वसलेलं होतं. तळ्याचा घेर जवळजवळ दोन कोस. औरंगजेबानं इथं शहर उभं केलं ते या तळ्यामुळं आणि आपल्या दिवंगत बेगमेच्या आठवणीसाठी. तळ्याच्या पश्चिम टोकाला तिची कबर, शेजारी मशीद आणि तिथंच एक सुंदर सराई.

ही बेगम म्हणजे दिलरस बानू. ती १६५७ साली वारली आणि तिची कबर म्हणजे आपला बीबी का मकबरा. त्याच्या दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही कारागिरांची नावं आजही वाचायला मिळतात. ताव्हेर्निएला तर मकबऱ्याचा संगमरवर वाटेतच भेटला होता. औरंगाबादपासून पाच मुक्कामांवर त्याला तीनशेहून जास्त गाड्या दिसल्या आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. आपण मकबरा पाहतो, संगमरवर पाहतो आणि ताजमहालाशी त्याची तुलना करून परततो. पण त्या परदेशी पाहुण्याला कबरीइतकीच सराईही नोंदवण्याजोगी वाटली. सराईची गरज काय असते, हे रोज मुक्काम शोधणाऱ्या माणसाला बरोबर कळतं.

शहराच्या स्थापनेबद्दल मात्र ताव्हेर्निए अर्धीच गोष्ट सांगतो. औरंगजेबाच्या आधी, १६१० च्या सुमाराला, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं खडकी या खेड्याच्या जागी शहर वसवलं होतं. मलिक अंबर मूळचा हबशी गुलाम. स्वतःच्या कर्तबगारीवर तो राज्याचा कारभारी झाला. त्यानं इथं महाल, मशिदी आणि पेठा उभारल्याच, पण त्याचं सर्वांत मोठं काम जमिनीच्या पोटात आहे. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं पाणी त्यानं भुयारी मार्गानं शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही, केवळ उताराच्या जोरावर पाणी चालायचं. अधूनमधून हवा जाण्यासाठी आणि साफसफाईला उतरण्यासाठी वर तोंडं ठेवलेली. पुढं मुघलांच्या आणि निजामाच्या काळात अशा आणखी नहरी निघाल्या. आपलं शहर बावन्न दरवाजांचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण या दरवाजांतून आत येणाऱ्या माणसांना पाजायला जे पाणी लागलं, ते या नहरींनी पुरवलं.

आता या सराईत मुक्काम म्हणजे नेमकं काय असायचं, ते पाहू. सराईची रचना साधारण सगळीकडं सारखी असे. उंच भिंतींचा मोठा चौक आणि भरलेली गाडी किंवा उंट सहज आत जाईल असा दरवाजा. भिंतीला लागून कमानींच्या खोल्यांची रांग. मध्यभागी किंवा जवळ विहीर, नाहीतर हौद. रात्री दरवाजा बंद व्हायचा आणि पहारा सुरू व्हायचा. सगळ्याच सराया अशा दगडी नव्हत्या. ताव्हेर्निए लिहितो, की कित्येक ठिकाणी भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आत गवतानं शाकारलेल्या पन्नाससाठ झोपड्या असत आणि त्यालाच सराई म्हणत. पीठ, तांदूळ, लोणी आणि भाजीपाला विकणारे स्त्री-पुरुष तिथंच राहत. तेच भाकरी-पोळी भाजून देत आणि भात शिजवून देत. कुणाला मटण किंवा कोंबडी हवी असेल तर त्यानं स्वतः गावात जाऊन ती आणायची. खोली झाडून मिळे, पट्ट्यांनी विणलेली एक बाज मिळे. गादी मात्र ज्याची त्यानं बरोबर आणायची.

हा स्वयंपाक करून देणाऱ्यांना उत्तरेकडं भटियारे म्हणतात. सराई आणि भटियारीण ही जोडी हिंदी-उर्दू म्हणींत आणि गोष्टींत पक्की बसलेली आहे. आपल्याकडं धर्मशाळेची तऱ्हा थोडी वेगळी. तिथं शिधा मिळे किंवा विकत घ्यावा लागे, आणि ज्याची त्यानं तीन दगडांची चूल मांडायची. सोवळं-ओवळं, जातीपातीचे नियम आणि कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही, हा सगळा प्रश्न त्यामुळं आपोआप सुटायचा. सुटायचा म्हणण्यापेक्षा झाकला जायचा, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. चुली वेगळ्या असल्या तरी पाणी आणणारी वाट एकच होती, हेही तितकंच खरं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत हा रस्ता दरिद्री नव्हता. सुरतेकडून येताना नवापूर लागतं. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. ताव्हेर्निएनं नवापूरच्या तांदळाची फार तारीफ केली आहे. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. मोठी माणसं हाच तांदूळ खातात आणि इराणात कुणाला भेट द्यायची तर याचं एक पोतं पुरतं, असं तो म्हणतो. आणि या शहराची स्वतःची ओळख म्हणजे नान-कलिया. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, असं इथले लोक सांगतात. ही कथा आहे, पण पदार्थाची घडण पाहिली की ती का रुजली ते समजतं. एका मोठ्या देगेत मटणाचा रस्सा आणि एका भट्टीत शेकडो नान. हे चारचौघांच्या घरचं जेवण नव्हे. एका वेळी गावभर माणसांना वाढायचं असेल, तेव्हाचं हे अन्न आहे. फौज असो, लग्न असो की उरूस, पंगत मोठी असली की आजही इथं नान-कलियाच लागतो.

पण एवढा थाट पोसायचा कुणी? इथंच जुन्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट दिसते. कबर, मशीद, बाग, बाजार आणि सराई ही सुटी सुटी बांधकामं नसत. ताजमहालाचं उदाहरण कागदोपत्री स्पष्ट आहे. त्याच्या देखभालीसाठी तीस गावांचा महसूल लावून दिला होता आणि शेजारच्या बाजाराचं आणि सरायांचं उत्पन्नही त्यालाच जोडलेलं होतं. प्रवासी सराईत उतरला की त्याच्या पैशातून वास्तूची डागडुजी व्हायची आणि वास्तूमुळं प्रवासी यायचा. पाहुणचार ही नुसती मनाची श्रीमंती नव्हती. त्याला जमाखर्च होता आणि त्या जमाखर्चात पाण्याचं खातं होतं.

पाण्याअभावी शहराचे हाल होतात हे त्या काळातही माहीत होतं. शहागंजच्या मोठ्या हौदाची हकिकत तेच सांगते. सय्यद हुसेन अली खान हा १७१५ नंतर दख्खनचा सुभेदार होता. त्यानं या हौदाचा पाया घातला. इतिहासकार खाफी खान या हौदाला लहानसा समुद्रच म्हणतो आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की लोकांचे हाल त्यामुळं कमी होत, असं नोंदवून ठेवतो. राजकारणात हे सय्यद बंधू बदनाम आहेत. बादशहांना तख्तावर बसवणारे आणि उतरवणारे म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. पण शहरानं त्यांतल्या एकाला पाण्यासाठी लक्षात ठेवलं.

या सगळ्या व्यवस्थेचा आजही डोळ्यांनी पाहता येईल असा नमुना म्हणजे पाणचक्की. मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून बाबा शाह पलंगपोश नावाचे सूफी साधू दख्खनमध्ये आले. पलंगपोश म्हटलं की आपल्याला पलंगावरची चादर आठवते, पण फारसीत पलंग म्हणजे बिबट्या. बिबट्याचं कातडं पांघरणारा, असा त्या नावाचा अर्थ. त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर खाम नदीच्या काठी राहिले. गुरूंचं निधन १६९९ चं, शिष्याचं १७१५ च्या सुमाराचं. दोघांच्या कबरी पाणचक्कीच्या आवारात आहेत. शिष्याच्या नावातच मुसाफिर आहे आणि त्यांच्या खानकाहात राबता होता तोही मुसाफिरांचाच. मध्य आशियातून नशीब काढायला आलेले शिपाई, फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू तिथं उतरत. सायमन डिग्बी या अभ्यासकानं या दोन साधूंविषयीच्या फारसी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. दूरदेशी आलेल्या माणसाला अशा ठिकाणाचा केवढा आधार वाटे, ते त्यातून समजतं.

आता पाणचक्कीची मांडणी ध्यानात घ्या. उत्तरेकडच्या डोंगराकडून एक स्वतंत्र नहर काही मैलांवरून खापरी नळांतून येते. पाणी एका उंच भिंतीवर चढवलेलं आहे. तिथून ते हौदात कोसळतं, आणि त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरतं. जात्यावर दळलेलं पीठ खानकाहाच्या भटारखान्यात जायचं आणि आलेल्या गेलेल्याची भूक भागवायचं. समोर लांबरुंद हौद आणि कारंजी. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. भर उन्हाळ्यात डोक्यावर पाणी खेळत असताना खाली थंडाव्यात पाहुणे बसत. उरलेलं पाणी खाम नदीत. एकाच पाण्यानं पीठ दळलं, अन्न पिकवलं, जागा गार केली, हात-पाय धुतले आणि मग ते नदीला परत दिलं. पाण्याकाठचं विश्रामगृह आणि त्याला जोडलेलं स्वयंपाकघर कसं असावं, याचा याहून चांगला आराखडा आजच्या वास्तुतज्ज्ञालाही सुचणं अवघड आहे.

ही दृष्टी एकाच धर्माची होती असंही नाही. वेरुळला घृष्णेश्वराजवळ शिवालय तीर्थ नावाचं मोठं पायऱ्यांचं कुंड आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि या कुंडाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्यामागंही हाच विचार होता. यात्रेकरू देवाला येतो, पण त्याला तहान आधी लागते.

शहराबाहेर, बुऱ्हाणपूरच्या वाटेवर, अजिंठ्याला आणि घाटाखाली फर्दापूरला मुघल काळातल्या सराया आहेत. दिवसभर बैलगाडी हाकून माणूस घाट उतरला, की फर्दापूरचा दरवाजा त्याला दिसायचा. पुढं अजिंठ्याची लेणी जगाला माहीत झाली आणि याच गावाला वेगळे पाहुणे मिळाले. १९१० आणि १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या, तेव्हा त्यांची छावणी फर्दापूरला होती. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सय्यद अहमद ही मंडळी त्यांच्या मदतीला होती. भारतीय चित्रकलेचा एक महत्त्वाचा धडा या मुक्कामात गिरवला गेला. राहण्याची सोय झाली नाही तर कलेचा अभ्यासही होत नाही, ही गोष्ट आपण विसरतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबादचं वैभव ओसरू लागलं. दरबार गेला, फौज गेली, व्यापार आटला. सरायांचं उत्पन्न थांबलं तसं दुरुस्तीही थांबली. तिकडं ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली सरायांसाठी कायदा झाला. तो निजामाच्या मुलखाला लागू नव्हता, पण त्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. सराई चालवणाऱ्यानं खोल्या आणि गटारं स्वच्छ ठेवावीत, ज्या विहिरीतून किंवा तळ्यातून माणसांना आणि जनावरांना पाणी मिळतं ते साफ ठेवावं, पहारेकरी नेमावा आणि दरपत्रक लावावं. म्हणजे तळं स्वच्छ ठेवणं ही सराईवाल्याची कायदेशीर जबाबदारी होती. तळं दाखवून पैसे घ्यायचे आणि तळ्याकडं पाहायचं नाही, ही सोय त्याला नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-हैदराबाद रेल्वे आली आणि सराईचा जमाना संपला. प्रवासी आता स्टेशनवर उतरू लागला. प्रवासी बंगले झाले, हॉटेलं झाली. १९८३ साली अजिंठा आणि वेरुळ जागतिक वारसा यादीत गेली आणि जगभरचे पाहुणे यायला लागले. त्यांच्यासाठी मोठी हॉटेलं आली आणि त्यांच्या भोजनगृहांत नान-कलियाही चिनी मातीच्या वाडग्यात येऊ लागला. यात वाईट काही नाही. वाईट आहे ते हे, की पाहुणा आणि पाणी यांचं जे नातं जुन्या लोकांनी जोडलं होतं, ते मधल्या मध्ये तुटलं.

ताव्हेर्निएनं पाहिलेलं दोन कोसांचं तळं आज मकबऱ्याजवळ दिसत नाही. दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेसमोर, एक तळं आहे. त्याला पूर्वी खिजरी तलाव म्हणत आणि आता पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचं नाव दिलेलं आहे. हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी तिथं मुक्कामाला येतात. तेही एका अर्थानं मुसाफिरच. पण या तळ्याला सांडपाणी आणि जलपर्णी यांनी वर्षानुवर्षं ग्रासलं. नहरींवर घरं झाली, रस्ते झाले, खापरी नळ फुटले. १९७० च्या दशकात जायकवाडीचं धरण झालं, पैठणहून नळानं पाणी आलं, आणि जुन्या पाण्याची आपल्याला गरज नाही असं शहराला वाटलं. त्याच शहरात मे २०२२ मध्ये पाण्यासाठी प्रचंड मोर्चा निघाला. जवळ एवढं मोठं धरण आणि तरी कित्येक वस्त्यांत आठवडा आठवडा नळ कोरडा, अशी ती अवस्था होती. ज्या शहरानं चारशे वर्षांपूर्वी उताराच्या जोरावर घरोघर पाणी नेलं, त्या शहराच्या आयाबाया टँकरची वाट बघत उभ्या राहिल्या.

जुना काळ सोन्याचा होता, असा याचा अर्थ नाही. त्या काळीही दुष्काळ पडत, माणसं तहानेनं मरत, आणि नहरीचं पाणी गरिबाच्या दारापर्यंत सारखंच पोचत असेल असं मानण्याचं कारण नाही. नहर-ए-अंबरी आजच्या लाखो लोकांची तहान भागवणार नाही, हेही उघड आहे. पण एक गोष्ट त्या लोकांकडून घेण्यासारखी आहे. पाहुण्याच्या मुक्कामातून जे मिळेल, त्यातला वाटा वास्तूला आणि पाण्याला परत द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. आज मकबऱ्याचं तिकीट निघतं, हॉटेलचं बिल होतं, त्यावर कर लागतो. त्यातला किती पैसा नहरीची तोंडं साफ करायला जातो, किती तळ्याला जातो, हे विचारायला आपण शिकलं पाहिजे. पाणचक्कीचं जातं आपण मुलांना दाखवायला नेतो आणि ते कसं फिरतं तेवढं सांगतो. ते कुणासाठी फिरत होतं, हेही सांगायला हवं.

आपल्या शहरात देशोदेशीचे पाहुणे यापुढंही येतील. लेणी त्यांना आणतीलच. त्यांच्या ताटात काय वाढायचं ते आपल्याला ठाऊक आहे, त्यात आपण कुणाला हार जाणार नाही. पण ताटाशेजारच्या पेल्यातलं पाणी आपलं स्वतःचं, आपण राखलेलं असेल, आणि ते वाढणाऱ्याच्या घरच्या नळालाही त्या दिवशी आलेलं असेल, तरच त्या पाहुणचाराला अर्थ आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)